कॅपच्या शेवटच्या राउंडमधून आलेले : नागपूरच्या इंजिनिअरिंगची पार्श्वभूमी

कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, शेवटच्या राउंडमध्ये जागा मिळालेला विद्यार्थी वर्गात येऊन बसतो, तेव्हा एम-वनचं, म्हणजे पहिल्या सेमच्या गणिताचं, पहिलं युनिट बहुधा संपलेलं असतं. ड्रॉइंगच्या दोन शीटही झालेल्या असतात. त्याचा उशीर आळसाचा नसतो. जातवैधता, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर यांपैकी एखादा कागद कुठेतरी अडकलेला असतो. वंचित समाजांतून आलेल्या अशा मुलांसाठी विद्यापीठांनी काय करावं, याची चर्चा समुपदेशन आणि प्रेरणा शिबिरांपासून सुरू होते. ती खरं तर या कागदापासून सुरू व्हायला हवी, आणि हा कागद समजायचा तर थोडं मागं जावं लागतं.

१९४२ साली नागपुरात दोन घटना घडल्या. रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था उभी राहिली. त्याच वर्षी जुलैमध्ये इथे अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन या पक्षाचा पाया घातला गेला. दोन वर्षांनी, १९४४ मध्ये, डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आदिवासी विद्यार्थ्यांना ती १९४८ पासून मिळू लागली. आज ज्याला मुलं नुसतं ‘स्कॉलरशिप’ म्हणतात, ती हीच.

१९६० मध्ये व्हीआरसीई हे इंजिनिअरिंग कॉलेज, म्हणजे आजचं व्हीएनआयटी, सुरू झालं. धर्मांतराला तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती. दीक्षाभूमीवर बौद्ध झालेल्या कुटुंबांच्या मुलांपुढे एक विचित्र पेच होता. राज्य सरकार नवबौद्धांना सवलती देत होतं, पण केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांना जागा नव्हती. ती १९९० मध्ये मिळाली. मधली तीस-चौतीस वर्षं फॉर्मवरच्या ‘धर्म’ या एका रकान्यात काय लिहायचं, याला पैशांत मोजता येईल इतकी किंमत होती.

इंजिनिअरिंगच्या जागा एकदम वाढल्या त्या १९८३ नंतर. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित खासगी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि १९८४ मध्ये नागपुरात यशवंतराव चव्हाण, रामदेवबाबा, केडीके अशी महाविद्यालयं निघाली. जागांचा प्रश्न हलका झाला, फीचा जड झाला. आता अनुसूचित जाती-जमातीच्या पात्र विद्यार्थ्यांची फी सरकार भरतं. ओबीसींना खासगी महाविद्यालयात शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम मिळत होती. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. मुलग्यांसाठी ही पूर्ण माफी नाही.

पडताळणीचा इतिहास तर नागपूरकरांना वेगळा सांगायला नको. १९९४ च्या माधुरी पाटील निकालात सर्वोच्च न्यायालयाने छाननी समित्या आणि दक्षता पथकांची चौकट घालून दिली, आणि राज्याचा जात प्रमाणपत्र पडताळणी कायदा २००१ मध्ये आला. कोष्टी विणकरांना हलबा या आदिवासी जमातीत धरायचं का, हा हलबा-कोष्टी वाद याच शहरातला. नोव्हेंबर २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हलबा-कोष्टी म्हणजे हलबा नव्हेत असं ठरवलं. त्या खटल्यातल्या डॉक्टरची पदवी कायम राहिली, पण पुढे जमातीचे लाभ नाहीत, असं बजावलं गेलं. जातीचा पुरावा मागितला जातो तो अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. ज्याच्या आजोबांनी शाळेचं तोंड पाहिलं नाही, त्याच्याकडे आजोबांचा दाखलखारीज उतारा, म्हणजे शाळेच्या रजिस्टरमधली नोंद, कुठून येणार? कोतवाल पंजीत, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत, नाव सापडलं तर सापडलं. महाविद्यालय इथे करू शकतं ते एवढंच, पण मोलाचं: अकरावी-बारावीतच पडताळणीचा अर्ज गेला आहे का हे आपल्या भागातल्या कनिष्ठ महाविद्यालयांकडून तपासून घेणं. प्रवेशाच्या महिन्यात दिलेला सल्ला फुकट जातो.

पैशाचा मार्ग २०२१-२२ पासून बदलला. अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०, आणि केंद्राची रक्कम थेट विद्यार्थ्याच्या आधार-संलग्न खात्यात जाते. तिथून त्याने ती महाविद्यालयाकडे भरायची. हेतू चांगला, पण गाडी बँकेत अडते. पासबुक एका बँकेचं आणि आधार जोडलेलं दुसऱ्याच बँकेच्या जुन्या, बंद पडलेल्या खात्याला, हा नेहमीचा घोळ. दुसरा घोळ कमी लोकांना ठाऊक आहे. अपुऱ्या केवायसीवर, म्हणजे ओळखीच्या अपुऱ्या कागदांवर, उघडलेल्या छोट्या खात्यात वर्षभरातली जमा एक लाखाच्या वर चालत नाही आणि महिन्याला १०,००० च्या वर रक्कम काढता किंवा पाठवता येत नाही. फीची रक्कम आली तरी ती महाविद्यालयाकडे एकरकमी भरता येत नाही. मुलगा महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर रोज स्टेटस पाहत बसतो, इकडे अकाउंट्स विभाग त्याला थकबाकीदार धरतो. पहिल्याच आठवड्यात एका टेबलावर आधार कुठल्या खात्याला जोडलंय ते पाहून पूर्ण केवायसी करून घेतली, तर यातलं बरंच टळतं. सरकारी रक्कम यायची आहे म्हणून हॉलतिकीट अडवणं मात्र कुठल्याही सबबीवर नको.

राहण्याचं गणितही पाहा. सरकारी वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ मध्ये स्वाधार योजना आली. नागपुरासाठी वर्षाला ६०,००० रुपये धरले गेले: जेवण ३२,०००, निवास २०,०००, निर्वाह ८,०००, आणि इंजिनिअरिंगवाल्यांना साहित्यासाठी वर ५,०००. जेवणाची रक्कम बारा महिन्यांत वाटली तर महिन्याला २,६६७ होतात. तेवढ्यात मेस भागेलही, पण पैसे येतात वर्षाच्या शेवटाकडे आणि मेसवाला मागतो दर महिन्याला. महाविद्यालयाने दोन-तीन महिन्यांची बिनव्याजी उचल दिली, तरी एखाद्याचं वर्ष वाचतं.

इतकं सगळं फाटकापर्यंतचं. वर्गात काय होतं, याकडे धोरणाचं लक्ष फार उशिरा गेलं. दिल्लीच्या एम्समधल्या भेदभावाची चौकशी करणाऱ्या सुखदेव थोरात समितीने २००७ मध्ये उपचारात्मक शिकवणी आणि समान संधी कार्यालय सुचवलं, तर यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, समतेचे नियम २०१२ मध्ये आले. बऱ्याच ठिकाणी त्यातून नोटीसबोर्डावर समितीची एक यादी लागली, आणि तेवढ्यावर थांबलं.

पहिल्या वर्षी बॅक लागतो, म्हणजे विषय राहतो, तो मुख्यतः गणित आणि ड्रॉइंगमध्ये. ड्रॉइंग अवघड वाटण्याचं कारण बुद्धी नाही, सवय आहे. फर्स्ट अँगल या आरेखनपद्धतीत टॉप व्ह्यू (वरून दिसणारा आकार) फ्रंट व्ह्यूच्या (समोरून दिसणाऱ्या आकाराच्या) खाली का येतो, हे फळ्यावर कितीही सांगा, कळत नाही. पुठ्ठा काटकोनात दुमडा, आडव्या भागावर साबणाची वडी ठेवा. समोरून पाहून तिचा आकार मागच्या उभ्या पुठ्ठ्यावर काढा, वरून पाहून खालच्या पुठ्ठ्यावर. आता वडी उचला आणि आडवा भाग खाली झुकवून पुठ्ठा सपाट करा. घडीची रेघ म्हणजे ड्रॉइंगमधली एक्सवाय ही आधाररेषा, आणि टॉप व्ह्यू आपसूक तिच्या खाली जातो. हे पाच मिनिटांचं काम आहे. पण साठ-सत्तर मुलांच्या हॉलमध्ये ते होत नाही, दहा-बाराच्या गटात होतं. मिनी ड्राफ्टर हे रेघा आखायचं साधन विकत घ्यायला लावण्याऐवजी विभागाने सेमिस्टरपुरते वापरायला द्यावेत.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांचं दुखणं निराळं. कमी खर्चाची वाट म्हणून गरीब घरातली बरीच मुलं पॉलिटेक्निकला जातात. वर्कशॉपमध्ये ती इतरांपेक्षा सरस असतात. पण त्यांनी पहिल्या वर्षाचं डिग्रीचं गणित केलेलं नसतं, आणि तिसऱ्या सेमला समोर उभे राहतात लाप्लास, फूरिए, पार्शल डिफरन्शियल इक्वेशन. यांना सबंध एम-वन, एम-टू शिकवायची गरज नाही. पार्शल डिफरन्सिएशन, पार्शल फ्रॅक्शन, इंटिग्रेशन बाय पार्ट्स आणि सेकंड ऑर्डर डिफरन्शियल इक्वेशन, एवढं वीसेक तासांत होतं. तास दुपारीच ठेवावेत. संध्याकाळी पाचला ठेवले की उमरेड, काटोल, सावनेरहून ये-जा करणारी मुलं एसटी पकडायला निघून जातात, आणि रजिस्टरमध्ये शेरा पडतो: ‘विद्यार्थी स्वारस्य दाखवत नाहीत’.

पहिल्या सेमचा एक बॅक पुढे किती लांब जातो, हे प्लेसमेंटच्या वेळी दिसतं. दहावी-बारावीपासून सलग साठ टक्के आणि एकही चालू बॅक नाही, अशी अट कंपन्या सर्रास घालतात. गावातल्या शाळेतून ५८ टक्के घेऊन आलेला मुलगा मुलाखतीआधीच चाळणीत गळतो. प्लेसमेंट सेलने दहावीची अट सोडायला सांगितली तर काही कंपन्या ऐकतात, पण सांगावं लागतं.

एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने २०१७ मध्ये नव्या विद्यार्थ्यांसाठी तीन आठवड्यांचा इंडक्शन कार्यक्रम आणला. कल्पना उत्तम, पण ज्याला त्याची सर्वांत गरज, तो शेवटच्या राउंडवाला पोचतो तेव्हा कार्यक्रम आटोपलेला असतो. म्हणून प्रवेश बंद झाल्यावर आठवडाभराचा दुसरा फेरा घ्यायला हवा, ज्यात लॅबची ओळख, जर्नल कसं लिहायचं, इंटर्नलचे गुण कसे मिळतात एवढंच असेल. आणि ७५ टक्के हजेरी मोजायची ती सेमिस्टरच्या पहिल्या दिवसापासून नव्हे, त्याच्या प्रवेशाच्या तारखेपासून.