धानपट्ट्यातली सामाईक उष्णता: गरम पाण्याचा नळ कुठे अडतो

डेन्मार्कमधली जवळपास दोन तृतीयांश घरे एका सामाईक केंद्रातून नळाने येणाऱ्या गरम पाण्यावर उबदार राहतात. गोंदिया-भंडाऱ्यात घर तापवायला कुणी नळ टाकणार नाही. इथे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास असतो. पण उष्णतेची गरज इथेही मोठी आहे आणि ती उसना तांदूळ (धान भिजवून, वाफवून, वाळवून केलेला) बनवणाऱ्या राईस मिलमध्ये आहे.

एक टन धान भिजवायला साधारण 1.2 टन पाणी 70 अंशांपर्यंत तापवावे लागते. त्याला 55 युनिटच्या (किलोवॅट-तास) आसपास उष्णता लागते. खरा खर्च वाळवणीत होतो. वाफवलेल्या धानातला ओलावा 35 टक्क्यांवरून 14 टक्क्यांवर आणायचा, म्हणजे टनामागे सुमारे 320 लिटर पाणी उडवायचे. हिशेबाने त्याला 200 युनिट पुरतात; प्रत्यक्षात ड्रायर जवळपास दुप्पट घेतो. त्याच टनातून 200 किलो तूस निघते आणि त्यात सुमारे 700 युनिट उष्णता असते. इंधनाची टंचाई नाही. प्रत्येक मिल आपापला लहान बॉयलर अर्ध्या भारावर जाळते, म्हणून धूर आणि उडती राख वाढते. चार मिलच्या मध्ये एकच नीट चालणारा बॉयलर बसवला, तर त्याच्या चिमणीला चांगला बॅग फिल्टर (राख अडवणाऱ्या कापडी पिशव्यांची गाळणी) लावणे परवडू शकते.

तिरोड्याला 3,300 मेगावॉटचे औष्णिक केंद्र आहे, मग तिथली वाया जाणारी उष्णता का नको, असा प्रश्न येतो. कंडेन्सरमधून, म्हणजे टर्बाइनमधून आलेली वाफ थंड करणाऱ्या भागातून, निघणारे पाणी साधारण 40 अंशांचे असते. तेवढ्याने धान भिजत नाही. टर्बाइनमधून जास्त तापाची वाफ काढली तर तेवढी वीज कमी बनते, आणि ती वाफ मिलपर्यंत नेण्याचे अंतर वेगळेच.

म्हणून तुसाच्याच बॉयलरवरून 90 अंशांचे पाणी सोडायचे आणि 50 अंशांनी परत घ्यायचे, हा मार्ग आम्हाला जास्त पटतो. त्यात पहिली अडचण मिलच्या आतच आहे. जुन्या ड्रायरच्या कॉइल (हवा तापवणाऱ्या नळ्या) वाफेसाठी बनलेल्या असतात. 90 अंशांच्या पाण्यावर हवा फार तर 75-80 अंशांपर्यंत जाते, वाळवणी लांबते, आणि मालकाला वाटते की नळाची उष्णता ‘कमी ताकदीची’ आहे. कॉइलचे क्षेत्रफळ वाढवल्याशिवाय जोडणीच देऊ नये. धान वाफवायला मात्र वाफच लागते. त्यासाठी लहान बॉयलर राहू द्यावा. मुख्य बॉयलर बंद पडला तर तोच थोडाफार हात देतो.

दुसरी अडचण परतीच्या पाण्याची. तासाला 1,000 युनिट पोचवायला 40 अंशांच्या फरकाने सुमारे 21,500 लिटर पाणी फिरवावे लागते. त्याला 80 मिमीचा नळ पुरतो. पण एखाद्या मिलने व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवला किंवा उष्णता-विनिमयकाच्या (नळातली उष्णता मिलला देणाऱ्या यंत्राच्या) प्लेटांवर क्षार साचला, तर पाणी 70 अंशांनीच परत येते. मग तेवढ्याच उष्णतेसाठी दुप्पट पाणी लागते आणि त्याच नळातून ते ढकलायला पंपाला जवळपास आठपट शक्ती लागते. इथले बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड, म्हणून नळातले पाणी मृदू करून, त्यातला विरघळलेला ऑक्सिजन काढूनच बंद चक्रात भरावे. ते धानाला कधीच लागू देऊ नये.

नळ आत पोलादी, भोवती पॉलियुरेथेनचा फोम आणि वर प्लास्टिकचे कवच असा घ्यावा. फोममध्ये तांब्याच्या तारा असतात. ओल शिरली की कुठे शिरली ते त्या दाखवतात. तापल्यावर 100 मीटर पोलाद 7 सेंटीमीटर लांबते, त्यामुळे वाटेत वळणे सोडावी लागतात. कन्हार (काळी चिकण) जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. नळाभोवती सर्व बाजूंनी वाळू न भरता तशाच मातीत गाडला तर जोड सुटतात.

पुरेपूर वेष्टन केले तरी जाणारा-येणारा नळ मिळून मीटरमागे 25 वॅटच्या आसपास गळती धरावी. एका किलोमीटरला ती दिवसाला 600 युनिट होते. हंगामात रोज 16,000 युनिट वापरले जातात तेव्हा ही गळती चार टक्केही नसते. भरडाई थांबली आणि एकच मिल 1,500 युनिट घेऊ लागली की वापराच्या तुलनेत तीच गळती 40 टक्के होते. मिल एकमेकींपासून किलोमीटरच्या आत नसतील आणि वर्षातले आठ-नऊ महिने तरी चालत नसतील, तर हा खटाटोप करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वीज गेली की पंप थांबतो, पण जाळीवरचे तूस जळतच राहते आणि बॉयलरमधले पाणी उकळू लागते. पंपाला आपोआप सुरू होणारा जनरेटर हवाच. बॉयलरपेक्षा उंचावर 50,000 लिटरची टाकी असली तर गरम पाणी पंपाशिवायही वर चढते, त्यामुळे थोडा वेळ मिळतो. शिवाय 40 अंशांच्या फरकाने तिच्यात 2,300 युनिट साठतात, म्हणजे पूर्ण भाराचे दोन तास.

पैशाचा हिशेब क्विंटलवर लावू नये. ओला धान आणि सुका धान सारखी उष्णता घेत नाहीत, आणि व्हॉल्व्ह उघडा ठेवणाऱ्याला त्यात तोटा दिसत नाही. प्रत्येक जोडणीवर प्रवाह आणि दोन्ही बाजूंचे तापमान मोजणारा मीटर बसवावा. नळ-पंपाच्या खर्चासाठी महिन्याचा ठरलेला आकार, वापरलेल्या उष्णतेसाठी युनिटचा दर, आणि परतीचे पाणी 55 अंशांच्या वर आले तर जादा आकार, हे खोदाईआधी करारात लिहून घ्यावे. करारात तूस कोण किती देणार आणि राख कोण उचलणार, हेही असावे. राखेत बहुतांश सिलिका असते आणि ती तुसाच्या वजनाच्या जवळपास पाचव्या हिश्शाइतकी निघते.