देवीच्या तोंडचे शब्द: डोरीन व्हॅलिएंटे आणि आधुनिक विचक्राफ्टची पार्श्वभूमी

पौर्णिमेच्या रात्री विक्का या आधुनिक विचक्राफ्टच्या (जादूटोण्याशी नातं सांगणाऱ्या, देवीपूजक) पंथाचे लोक जमतात, तेव्हा प्रमुख पुजारीण देवीच्या वतीने बोलते. चंद्र पुरा भरला की माझ्याकडे या, प्रेम आणि आनंद यातच माझी पूजा आहे, अशा आशयाचं ते निवेदन आहे. ‘चार्ज ऑफ द गॉडेस’ या नावाने ते जगभर म्हटलं जातं आणि ऐकणाऱ्याला ते हजार वर्षांचं वाटतं. प्रत्यक्षात त्याचं आजचं रूप १९५०च्या दशकात इंग्लंडमधल्या बोर्नमथला राहणाऱ्या, तिशीतल्या डोरीन व्हॅलिएंटे यांनी घडवलं. पंथाचे जनक म्हणून जेराल्ड गार्डनर यांचं नाव घेतलं जातं आणि ते रास्तच आहे. पण पंथाला भाषा दिली ती डोरीनबाईंनी, आणि पुढे त्याच्या इतिहासाची झाडाझडतीही त्यांनीच घेतली.

डोरीन एडिथ डॉमिनी यांचा जन्म ४ जानेवारी १९२२ रोजी दक्षिण लंडनच्या परिसरात झाला. कॉन्व्हेंट शाळा त्यांनी पंधराव्या वर्षी सोडली. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी ब्लेचली पार्क या सांकेतिक संदेश उलगडणाऱ्या केंद्रात काम केलं. पहिला नवरा ग्रीक खलाशी होता, तो १९४१मध्ये समुद्रात बेपत्ता झाला. दुसरे कासिमिरो व्हॅलिएंटे, स्पेनमधल्या यादवीतून परागंदा झालेले. १९४४मध्ये हे लग्न झालं आणि आडनाव तेच राहिलं.

त्या वेळचा कायदा समजून घ्यायला हवा. ब्रिटनमध्ये १७३५चा विचक्राफ्ट कायदा लागू होता. जादूटोणा मुळात खोटा आहे, पण तो येतो असं सांगणं हा गुन्हा, अशी त्याची भूमिका होती. याच कायद्याखाली हेलन डंकन या, मृतात्म्यांशी बोलण्याचा दावा करणाऱ्या माध्यमबाईला १९४४मध्ये नऊ महिन्यांची कैद झाली. १९५१मध्ये तो रद्द होऊन फसवणूक करणाऱ्या माध्यमांपुरता नवा कायदा आला आणि ‘मी विच आहे’ असं उघड सांगणं शक्य झालं.

ही संधी गार्डनर यांनी साधली. सिलोन, बोर्निओ आणि मलायात मळ्यांवर व जकात खात्यात नोकरी करून ते मायदेशी परतले होते. दक्षिण इंग्लंडमधल्या न्यू फॉरेस्ट या जंगलाजवळच्या एका जुन्या गुप्त गटाने १९३९मध्ये आपल्याला दीक्षा दिली, असं ते सांगत. १९५२मध्ये एका साप्ताहिकात आइल ऑफ मॅनवरच्या विचक्राफ्ट संग्रहालयाबद्दल लेख आला. तो वाचून डोरीनबाईंनी पत्र पाठवलं, ते गार्डनरपर्यंत पोचलं आणि भेट ठरली. या भेटीत गार्डनर यांनी आपली कादंबरी त्यांच्या हाती ठेवली. पंथाचे विधी विवस्त्र होत, त्यात चाबकाचाही वापर असे, आणि कादंबरीत तसंच वर्णन होतं. हे वाचून नवा माणूस बिचकतो का, ते त्यांना बघायचं असे. डोरीनबाई बिचकल्या नाहीत. १९५३च्या उन्हाळ्यात, ड्रुइड या प्राचीन धर्माचा वारसा सांगणाऱ्या मंडळींच्या विधीसाठी तलवार घेऊन स्टोनहेंजला निघालेल्या गार्डनर यांनी वाटेतच त्यांना दीक्षा दिली.

त्या लवकरच गार्डनरच्या कोव्हनच्या, म्हणजे पंथीयांच्या छोट्या गटाच्या, प्रमुख पुजारीण झाल्या. ‘बुक ऑफ शॅडोज’ ही विधींची वही हातात आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की यातल्या कित्येक ओळी अ‍ॅलिस्टर क्रोली या इंग्रज गूढविद्या-लेखकाच्या आहेत. त्यांनी ते गार्डनरना तोंडावर विचारलं. गार्डनरचं म्हणणं असं पडलं की आपल्याला मिळालेली वही अपुरी होती, गाळलेल्या जागा भरून काढल्या. तुला याहून चांगलं जमत असेल तर करून दाखव. डोरीनबाईंनी करून दाखवलं. ‘चार्ज’ त्यांनी आधी पद्यात लिहिला. त्यातली देवींची नावं उच्चारताना लोक अडखळू लागले, म्हणून पुन्हा गद्यात लिहिला. चार्ल्स लेलंड या अमेरिकन लोकसाहित्य-अभ्यासकाच्या १८९९च्या पुस्तकातला सुरुवातीचा भाग त्यांनी राखला, क्रोलीचा बराचसा मजकूर काढला आणि उरलेलं स्वतःच्या शब्दांत बांधलं. मोठ्याने म्हणून पाहिलं की कळतं, हे कवीचं काम आहे.

१९५७मध्ये फूट पडली. गार्डनरना वर्तमानपत्रांचं वेड होतं, बाकीच्यांना त्याची धास्ती. सदस्यांनी नियमांचा मसुदा केला, तेव्हा गार्डनर यांनी जुनाट इंग्रजीतले ‘प्राचीन कायदे’ पुढे केले. त्यात लिहिलं होतं की तारुण्य सरलं की पुजारिणीने तरुण स्त्रीसाठी जागा सोडावी. डोरीनबाई तेव्हा पस्तिशीच्या होत्या. हे कायदे याआधी कधी कुणी पाहिले नव्हते. डोरीनबाई आपल्या साथीदारांसह बाहेर पडल्या. माझ्या मते, पंथाच्या इतिहासात याहून महत्त्वाचा नकार दुसरा नाही.

त्यानंतर त्यांचं आयुष्य ब्रायटनमध्ये गेलं. १९६०च्या दशकात काही काळ रॉबर्ट कॉक्रेन या दुसऱ्या विचक्राफ्ट-प्रमुखाच्या गटात त्यांनी काम केलं, तिथूनही मतभेदामुळे बाहेर पडल्या. १९७०च्या दशकात नॅशनल फ्रंट या वंशवादी पक्षाच्या त्या थोडा काळ सदस्य होत्या. हा डाग आहे आणि त्यांच्याबद्दल आदर असणाऱ्यांनीही तो झाकू नये. पुस्तकं मात्र सातत्याने आली. १९७८च्या पुस्तकात त्यांनी एकट्याने स्वतःला दीक्षा देण्याचा विधी छापला. गुरूशिवाय प्रवेश नाही, ही मक्तेदारी त्यामुळे सैल झाली.

त्यांचं सर्वांत चिकाटीचं काम ‘ओल्ड डोरथी’च्या शोधाचं. याच बाईने दीक्षा दिली असं गार्डनर सांगत, पण अभ्यासकांना ती काल्पनिक वाटू लागली होती. १९८०मध्ये डोरीनबाई जन्म-मृत्यूच्या नोंदी धुंडाळायला बसल्या. डोरथी क्लटरबक सापडली: १८८०चा जन्म, तोही हिंदुस्थानात, वडील इथल्या इंग्रजी फौजेत अधिकारी, पुढे हायक्लिफमध्ये वास्तव्य, १९५१मध्ये मृत्यू. बाई खरी होती एवढं यातून सिद्ध झालं. ती विच होती का, याबद्दल रोनाल्ड हटन यांच्यासारखे इतिहासकार अजूनही साशंक आहेत.

१९८९च्या शेवटच्या मोठ्या पुस्तकात कोणता विधी कुठून आला, आपण काय लिहिलं, हे त्यांनी मोकळेपणाने मांडलं. १ सप्टेंबर १९९९ रोजी त्यांचं निधन झालं. वह्या, कागदपत्रं आणि पूजेची साधनं त्यांनी जॉन बेलहॅम-पेन यांच्या हवाली केली. आज डोरीन व्हॅलिएंटे फाउंडेशन हा संग्रह सांभाळतं.