मिठाच्या पाण्याने रंग पक्का होत नाही
ऑफिसला घालायला हातमागाचा इंडिगो कुर्ता आणला की घरातून सल्ला येतोच: आधी मिठाच्या पाण्यात भिजव, रंग पक्का होईल. होत नाही. मीठ कामाचं रंगाऱ्याच्या हौदात. तिथे ते काही रंगांना सुती धाग्याकडे ढकलतं. इंडिगोचं तर गणितच वेगळं. त्याचे कण धाग्याच्या वरच्या थरातच बसतात, म्हणून घासले की निघतात. ओला पांढरा रुमाल आतल्या शिवणीवर 10 वेळा घासून बघा. निळा झाला, तर पहिल्या 3-4 वेळा कुर्ता उलटा करून, वेगळा, थंड पाण्यात धुवा. ओला गोळा करून बादलीत ठेवू नका. खरे डाग तिथेच पडतात. तोवर पांढरी सलवार आणि फिकट चामड्याची पर्स कपाटातच बरी.