ट्रेकिंगची साधने : निवड व पारख (सह्याद्री)

सह्याद्रीतील गडकिल्ले, घाटवाटा व कडे यांवर पायी भटकताना लागणाऱ्या वस्तू निवडणे आणि बाहेर पडण्याआधी त्या पारखून घेणे. बूट, सॅक, पावसाळी कपडे, अंथरूण-पांघरूण, टॉर्च आणि अवघड टप्प्यांसाठी दोर, हार्नेस (कमरेला व मांड्यांना बांधायचा पट्टा), कॅराबिनर (दोर अडकवायची, दार असलेली धातूची कडी) असा हा पसारा असतो. बाजारातली बरीच साधने थंड, कोरड्या हवेतले डोंगर डोळ्यांपुढे ठेवून घडवलेली असतात. सह्याद्रीत बर्फ नाही. इथे काळा बसाल्ट, त्यावरचे शेवाळ, वाळल्या गवताखाली दडलेला घसारा (सुटी माती व दगडगोटे), एप्रिलचा उकाडा आणि महाबळेश्वर-आंबोलीसारख्या ठिकाणी वर्षाला ५,००० मिमी.च्या वर जाणारा पाऊस आहे. त्यामुळे वेष्टनावरच्या आकड्यांवर कुठे विसंबायचे आणि कुठे नाही, हे ठरवण्यातच निवडीचे निम्मे काम होते.

पादत्राणे : पूर्वी डोंगरात खिळे ठोकलेले चामडी बूट वापरत. इटालियन गिर्यारोहक व्हिताले ब्रामानी यांचे सहा सोबती १९३५ मध्ये पुंता रासिका या शिखरावर मृत्युमुखी पडले. त्यानंतर त्यांनी खोल खाचांचा रबरी तळ तयार केला. १९३७ पासूनचा हा तळ ‘व्हिब्रम’ नावाने ओळखला जातो. खोल खाचा चिखलात आणि घसाऱ्यावर उपयोगी पडतात. ओल्या कातळावर मात्र नक्षीपेक्षा रबराचा मऊपणा महत्त्वाचा. कडक रबर वर्षानुवर्षे झिजत नाही, पण कोरीव पायऱ्यांवर दगा देते. मऊ रबर पकड घेते आणि लवकर झिजते. ‘अ‍ॅक्शन ट्रेकिंग’सारखे स्वस्त देशी बूट सह्याद्रीत इतके रुळले ते याच पकडीमुळे, महागडा आयात बूट घेऊन पावसात घसरण्यापेक्षा ते केव्हाही बरे. हिरव्या शेवाळावर मात्र कोणत्याच रबराची मात्रा चालत नाही.

बूट संध्याकाळी, जाड मोजे घालून पाहावेत, कारण दिवसभरात पाऊल थोडे सुजते. उताराकडे तोंड करून उभे राहिल्यावर अंगठा पुढे टेकत असेल तर तो बूट घेऊ नये. चढाईत काही जाणवत नाही. उतरताना मात्र नखे काळी पडतात.

जुन्या बुटांचा वेगळाच धोका असतो. दोन पावसाळे कपाटात पडून राहिलेला बूट वरून नवाकोरा दिसतो आणि पहिल्या तासाभराच्या चढाईत त्याचा तळ टाचेकडून सुटतो. अनेक बुटांच्या तळात पॉलियुरेथेनचा फेसाळ थर असतो. हवेतल्या ओलाव्याने त्याचे जलीय विच्छेदन होते, म्हणजे न वापरताही तो कुजत जातो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत जरा लवकरच. निघण्याच्या आठवडाभर आधी बूट चवड्याशी वाकवून तो थर अंगठ्याने दाबावा. भेगा पडल्या किंवा भुगा निघाला, तर बूट टाकून द्यावा. जाणते ट्रेकर सॅकमध्ये चार हात नायलॉनची दोरी ठेवतात, ती बहुधा दुसऱ्याच्याच बुटाला लागते.

सॅक : एका दिवसाला २० ते ३० लिटर, मुक्कामाला ४० ते ५० लिटर पुरते. कमरपट्टा पोटावर नव्हे, कमरेच्या हाडावर बसला पाहिजे, तरच खांद्यांवरचा भार उतरतो. दुकानात रिकामी सॅक पाठीला लावून काहीच कळत नाही. लिटरच्या दहा बाटल्या म्हणजे दहा किलो. त्या भरून आतकरवाडीतून सिंहगड चढावा. पट्टा कुठे काचतो ते अर्ध्या वाटेतच समजते. माथ्यावर पाणी ओतून देण्याचा मोह आवरावा, कारण गुडघ्यांची परीक्षा उतरतानाच असते. पावसाचे कव्हर बाहेरून झाकते, पण पाठ आणि सॅक यांच्यामधून ओघळणारे पाणी अडवत नाही. सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची पिशवी घालून तिचे तोंड बांधणे हा उपाय स्वस्त आणि खात्रीचा.

पावसाळी कपडे : अमेरिकन संशोधक बॉब गोर यांनी १९६९ मध्ये ताणून सच्छिद्र केलेल्या टेफ्लॉनपासून पुढे ‘श्वास घेणारी’ जॅकेटे आली. त्यांतून घामाची वाफ बाहेर पडते ती आतल्या आणि बाहेरच्या बाष्पदाबातल्या फरकामुळे. जुलैत घाटमाथ्यावरची हवा बाष्पाने भरलेली असते, फरक उरत नाही आणि माणूस आतून भिजतो. मावळ-कोकणातली इरली आणि धनगरांची घोंगडीची खोळ हा प्रश्न केव्हाच ओळखून होती : इरल्याखाली वारा खेळतो, आणि लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक-तृतीयांश बाष्प शोषूनही ऊब देते. जॅकेट घ्यायचेच तर ते घालून, भरलेली सॅक चढवून दहा मिनिटे शॉवरखाली उभे राहावे. पाणी शिरते ते बहुधा पट्ट्यांच्या दाबाखाली आणि शिवणींतून.

दोर व धातूची साधने : इथे घरगुती प्रयोगाला जागा नाही. १९३२ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाच्या (यूआयएए) चाचणीत एकेरी (एकटाच भार पेलणाऱ्या) ताणदार दोराला ८० किलोचे वजन अडकवून पाडतात. दोराने किमान पाच झटके सोसावे लागतात आणि पहिल्या झटक्याचा जोर १२ किलोन्यूटनच्या (एक किलोन्यूटन म्हणजे साधारण १०० किलो वजनाचा भार) आत राहावा लागतो. कॅराबिनरवर कोरलेले आकडेही असेच वाचायचे असतात : लांबीच्या दिशेने २० किलोन्यूटन पेलणाऱ्या कॅराबिनरची ताकद त्याचे दार उघडे राहिल्यास साधारण ७ किलोन्यूटनवर येते. प्रस्तरारोहणात ताणदार दोर लागतो. रॅपलिंगला (दोरावरून कडा उतरायला) आणि दरी ओलांडायला फारसा न ताणणारा स्थिर दोर चालतो. दोन्हींची अदलाबदल जिवावर बेतू शकते.

अलंग-मदनसारख्या, पायऱ्या तुटलेल्या किल्ल्यांवर जाणारे गट प्रत्येक मोहिमेआधी दोर हातभर-हातभर बोटांतून सरकवत तपासतात. मध्येच मऊ किंवा चपटा लागणारा भाग, वरच्या वेष्टणाचे निघालेले तंतू, ॲसिडचा डाग यांपैकी काहीही आढळले की तो दोर बाद. गाडीत बॅटरीशेजारी ठेवलेला दोर बाहेरून धडधाकट दिसत असला तरी वापरू नये, आणि ज्याचा पूर्वेतिहास माहीत नाही असा दोर फुकट मिळाला तरी घेऊ नये.