एजन्सी परिचारिका आणि आरोग्यधोरणातील बदल : ठाणे व नवी मुंबई

रुग्णालयाच्या कायम आस्थापनेवर नसलेल्या, नर्सिंग ब्युरो किंवा मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीमार्फत ड्यूटीवर जाणाऱ्या परिचारिकांनी कायदे, शासकीय योजना, उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे आणि रुग्णालयागणिक वेगळ्या असणाऱ्या कार्यपद्धती यांची माहिती ताजी ठेवण्याची रीत. या परिचारिकेला वॉर्डात ‘ब्युरोची सिस्टर’ म्हणतात. ती कधी अतिदक्षता विभागातली रिकामी जागा भरते, कधी एखाद्या रुग्णासाठी स्पेशल म्हणून बसते, तर कधी घरच्या केसवर बारा तासांची ड्यूटी करते. या कामात पुरुषही आहेत. त्यांना ब्रदर म्हणतात.

कायम नोकरीतल्या परिचारिकेपर्यंत बदल आपसूक येतो. मेट्रनच्या कार्यालयातून परिपत्रक निघते, इन्चार्ज सिस्टर ते वाचून दाखवते, वहीत सह्या घेतल्या जातात आणि महिन्यातून एखादा वर्ग होतो. ब्युरोची सिस्टर त्या दिवशी बहुधा दुसऱ्याच रुग्णालयात असते. बदल तिला सांगणे हे नेमके कोणाचे काम, याचे उत्तर एजन्सी रुग्णालयाकडे आणि रुग्णालय एजन्सीकडे बोट दाखवून देते. अडचणीचे मूळ इथे आहे. परिचारिका आळशी असतात म्हणून मागे पडतात, हा रुग्णालयांच्या बैठकांत ऐकू येणारा समज फारसा खरा नाही.

प्रदेशाची रचना

ठाणे ते पनवेल हा पट्टा लोकलने तासाभराचा, पण त्यात तीन महानगरपालिका येतात : ठाणे (1982), नवी मुंबई (1992) आणि पनवेल (2016). नवी मुंबई म्हणून ओळखले जाणारे खारघर, कामोठे आणि कळंबोली हे नोड (नियोजित उपनगरे) पनवेल महापालिकेत आणि रायगड जिल्ह्यात मोडतात. बेलापूर स्टेशनच्या अलीकडे ड्यूटी केली तर महापालिका एक आणि पुढच्याच खारघर स्टेशनला उतरले तर दुसरी. खासगी रुग्णालयांची नोंदणी महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, 1949 खाली होते आणि शहरांत ती महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे असते. त्यामुळे तपासणीला येणारे अधिकारी, साथीच्या आजारांची कळवणी आणि तिचे फॉर्म पालिकेगणिक बदलतात. केंद्राचा 2010 चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. राज्याने आपल्या जुन्या कायद्याखालच्या नियमांत 2021 मध्ये सुधारणा केली आणि रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावणे आले. दुसऱ्या राज्यात शिकून आलेल्या परिचारिकांचा इथेच पहिला गोंधळ होतो, कारण पाठ्यपुस्तकातला कायदा इथे लागू नसतो.

रुग्णालयांचे प्रकारही एका पट्ट्यात सगळे. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, वाशी, नेरूळ आणि ऐरोलीची पालिका रुग्णालये, 1901 पासूनचे ठाण्याचे मनोरुग्णालय, खारघरचे टाटा स्मारक केंद्राचे कर्करोग संशोधन संकुल, मोठी कॉर्पोरेट रुग्णालये आणि गल्लोगल्लीची वीस-पंचवीस खाटांची नर्सिंग होम. एजन्सी परिचारिकेचे काम यांतल्या खासगी रुग्णालयांत आणि घरच्या केसेसमध्ये जास्त असते.

नोंदणी आणि शिक्षणाचे तास

माहिती ताजी ठेवण्याचा कायद्याने खुद्द परिचारिकेला घालून दिलेला मार्ग एकच आहे, तो म्हणजे रजिस्ट्रेशनचे नूतनीकरण. महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. त्यासाठी भारतीय परिचर्या परिषदेने 150 तासांच्या निरंतर शिक्षणाची अपेक्षा ठेवली आहे. देशभरच्या नोंदवहीत प्रत्येकीला आधारशी जोडलेला स्वतंत्र क्रमांक मिळतो.

हे तास कसे भरतात ते पाहिले की व्यवस्थेची मर्यादा कळते. कायम परिचारिकेला रुग्णालय कार्यशाळेला पाठवते आणि तो दिवस कामाचा धरते. ब्युरोच्या सिस्टरला त्या दिवसाची ड्यूटी सोडावी लागते, म्हणजे त्या दिवसाचे पैसे गेले. वर कार्यशाळेची फी खिशातून. परिणामी नूतनीकरणाची तारीख तोंडावर आली की मिळेल त्या विषयाची प्रमाणपत्रे गोळा केली जातात. तास भरतात, पण बदललेल्या धोरणाशी त्यांचा संबंध असतोच असे नाही. वर्षाच्या सुरुवातीला दोन-तीन विषय ठरवून तास विभागून घेणाऱ्यांना नूतनीकरण जड जात नाही. विषय निवडताना संसर्ग नियंत्रण आणि औषधसुरक्षा यांना अग्रक्रम द्यावा, कारण या दोन बाबी प्रत्येक ठिकाणी लागतात. जीवरक्षक प्रथमोपचाराच्या प्रमाणपत्राची मुदत साधारण दोन वर्षे असते. अमेरिकन हार्ट असोसिएशनची मार्गदर्शक तत्त्वे 2020 नंतर 2025 मध्ये सुधारली गेली, त्यामुळे जुने कार्ड खिशात आहे एवढ्यावर भागत नाही.

नियमनाची चौकटही बदलते आहे. ऑगस्ट 2023 मध्ये संमत झालेल्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग कायद्याने 1947 च्या परिचर्या परिषद कायद्याची जागा घेण्याची आणि राज्यांत आयोग नेमण्याची तरतूद केली आहे.

जैववैद्यकीय कचरा : एका बदलाचा प्रवास

धोरण वॉर्डात कसे उतरते आणि कुठे अडते, हे पाहायला कचऱ्याच्या पिशव्यांसारखे दुसरे उदाहरण नाही. 1998 च्या नियमांत काळी पिशवी होती आणि मुदत संपलेली औषधे तिच्यात जात. निळ्या किंवा पांढऱ्या पारदर्शक पिशवीत सुया व प्लास्टिक टाकण्याची मुभा होती. मार्च 2016 च्या नियमांनी हे सगळे नव्याने मांडले. आता रक्त लागलेला कापूस, अवयव आणि मुदत संपलेली औषधे पिवळ्यात; सुई काढलेली सिरिंज, सलाईनचा सेट, युरोबॅग असे प्लास्टिक लालमध्ये; सुया आणि ब्लेड पांढऱ्या, न भेदल्या जाणाऱ्या डब्यात; काचेच्या कुप्या आणि धातूचे इम्प्लांट निळ्यात. काळी पिशवी या यादीतून गेली. 2018 मध्ये या नियमांत पुन्हा सुधारणा झाली.

2016 पूर्वी शिकलेल्या सिस्टरचा हात घाईच्या वेळी जुन्या सवयीने चालतो. रात्री तीन वाजता रुग्णाची शुगर घसरली, डेक्स्ट्रोज दिले आणि रिकामी काचेची कुपी हातात राहिली की ती जवळच्या लाल पिशवीत पडते. सकाळी कचरा नेणारे मामा ती बाजूला काढतात आणि इन्चार्जकडे तक्रार जाते. चूक ब्युरोच्या नावावर पडते.

याच नियमांत एक कलम आहे, जे फार थोड्या परिचारिकांना ठाऊक असते. कचरा हाताळणाऱ्या सर्व आरोग्य कर्मचाऱ्यांना कामावर घेताना आणि त्यानंतर वर्षातून किमान एकदा प्रशिक्षण देणे, तसेच हेपटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणे ही जबाबदारी संस्था चालवणाऱ्यावर टाकलेली आहे. कायम की कंत्राटी असा भेद त्यात नाही. एनएबीएच या रुग्णालयांच्या गुणवत्ता-मानांकनाच्या मानकांतही ‘कर्मचारी’ या व्याख्येत कंत्राटी मनुष्यबळ धरलेले आहे. मानांकनाचे परीक्षक वॉर्डात आले की समोर दिसेल त्या सिस्टरला विचारतात, आग लागली तर काय कराल, कोड पिंक (बाळ पळवल्याचा इशारा) म्हणजे काय. ती ब्युरोची आहे हे उत्तर तिथे चालत नाही. म्हणूनच बऱ्याच मोठ्या रुग्णालयांत एजन्सी परिचारिकेला पहिल्या दिवशी वर्गात बसवले जाते. छोट्या नर्सिंग होममध्ये मात्र थेट ट्रॉली हातात मिळते. प्रशिक्षण मागताना ‘कृपा करा’ असा सूर लावण्याचे कारण नाही. नियमाचा आधार घेऊन ते मागता येते.

कायद्यातले बदल

सगळे कायदे पाठ करणे शक्य नाही आणि गरजेचेही नाही. पण ड्यूटीच्या कागदांना थेट भिडणारे काही आहेत. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याचे जुने कलम 304-अ आता 106 झाले आणि कमाल शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांवर गेली. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकासाठी ती दोन वर्षेच ठेवली आहे. पण ही व्याख्या वैद्यकीय नोंदवहीत नाव असलेल्या डॉक्टरांपुरती आहे. परिचारिका तिच्यात बसत नाही. एकाच टेबलाभोवती घडलेल्या एकाच चुकीसाठी दोघांना वेगळी कमाल शिक्षा, ही स्थिती परिचारिकांच्या दृष्टीने गंभीर आहे आणि तिची चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही. तोंडी आदेशावर औषध देणे, नंतर लिहू म्हणणे, दुसरीच्या नावाने चार्ट भरणे या जुन्या सवयी आता पूर्वीपेक्षा महाग पडू शकतात.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 मध्ये मानसिक आरोग्य संस्थांतील रुग्णाला बांधून ठेवण्यावर बंधने आहेत. एचआयव्ही कायदा सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. रुग्णाची स्थिती संमतीवाचून उघड करणे त्याने रोखले, म्हणून खाटेवर लाल खूण करण्याची जुनी रीत आता थेट अंगाशी येते. गर्भपात कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीने काही गटांतील स्त्रियांसाठी गर्भपाताची मर्यादा 24 आठवड्यांवर नेली आणि गर्भपात करून घेणाऱ्या स्त्रीची ओळख गुप्त ठेवण्याचे बंधन घातले. अतिदक्षता विभागात काम करणाऱ्यांनी आगाऊ वैद्यकीय निर्देशांबाबतचे (शुद्ध हरपल्यावर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याबाबतचे) सर्वोच्च न्यायालयाचे 2018 चे निकालपत्र आणि जानेवारी 2023 ची सुलभ केलेली प्रक्रिया माहीत करून घ्यावी. नातेवाईक ‘आजोबांनी लिहून ठेवलंय’ म्हणत कागद पहिल्यांदा दाखवतात ते सिस्टरलाच.

परिचारिकांच्या बाजूचे कायदेही आहेत. वैद्यकीय सेवा देणाऱ्यांवरील हिंसाचाराविरुद्धचा महाराष्ट्राचा 2010 चा कायदा त्यांना लागू होतो. नोव्हेंबर 2025 मध्ये अमलात आलेल्या कामगार संहितांनी नियुक्तिपत्र देणे बंधनकारक केले आहे. फोनवर पत्ता सांगून ‘उद्यापासून जा’ म्हणणाऱ्या ब्युरोंच्या धंद्यात ही मोठी गोष्ट आहे.

योजना

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना पूर्वी प्रामुख्याने पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेपुरती होती. जून 2023 मध्ये ती राज्यातील सर्वांना लागू करण्याचा आणि संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्याचा निर्णय झाला. प्रश्न मात्र जुनाच येतो : “सिस्टर, आमचं पांढरं कार्ड आहे, होईल का?” जुन्या माहितीवर ‘नाही’ म्हटले तर एखादे कुटुंब कर्ज काढायला धावते. इथे स्वतः उत्तर देण्यापेक्षा योजनेत असलेल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या मदतनिसाकडे, पाठवणे योग्य. लसीकरण शिबिरांना जाणाऱ्यांनी वेळापत्रक प्रत्येक वेळी ताजे घ्यावे. पोलिओच्या अंशमात्रा इंजेक्शनचा तिसरा डोस नवव्या महिन्यात देणे जानेवारी 2023 पासून सुरू झाले, तरी त्याआधीचे तक्ते काही ठिकाणी भिंतीवर तसेच असतात.

माहिती मिळवण्याच्या वाटा

सर्वाधिक माहिती व्हॉट्सॲपवरून येते, आणि सर्वाधिक गोंधळही तिथूनच. खरा शासन निर्णय ओळखणे अवघड नाही. वर विभागाचे नाव, क्रमांक आणि दिनांक असतो. शेवटी तो राज्य शासनाच्या संकेतस्थळावर असल्याचे सांगून एक लांबलचक संकेतांक दिलेला असतो, ज्याचे सुरुवातीचे आकडे वर्ष, महिना आणि दिवस सांगतात. तो संकेतांक संकेतस्थळावर टाकला की मूळ कागद उघडतो. नुसता मधल्या पानाचा फोटो आला असेल तर तो पुढे पाठवू नये. दुसरी नेहमीची गफलत मसुद्याची. हरकती मागवण्यासाठी प्रसिद्ध झालेला मसुदा नियम म्हणून फिरतो आणि अंतिम अधिसूचना निघते तेव्हा कोणाचे लक्ष नसते. आरोग्यसेवेचे निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाकडून, तर परिचर्या शिक्षण व परिषदेशी संबंधित निर्णय वैद्यकीय शिक्षण विभागाकडून निघतात, एवढे लक्षात ठेवले तरी शोध निम्मा होतो.

तरी रोजच्या ड्यूटीत कायद्यापेक्षा रुग्णालयाची स्वतःची पद्धत जास्त वेळा अडवते. एका ठिकाणी इन्सुलिन दोन सिस्टरांनी तपासून द्यायचे, दुसरीकडे एकीची सही पुरते. हृदय बंद पडल्यावर फिरवायचा नंबर प्रत्येक रुग्णालयात वेगळा. म्हणून अनुभवी परिचारिका हँडओव्हर (आधीच्या पाळीकडून रुग्णांचा ताबा) घेतानाच चार गोष्टी विचारून घेतात : आणीबाणीचा नंबर, क्रॅश कार्ट (आणीबाणीच्या औषधांची व उपकरणांची ट्रॉली) कुठे आहे, जास्त जोखमीची औषधे कोण तपासते आणि अलीकडे काय बदलले. हा शेवटचा प्रश्न बहुतेकजणी विसरतात. रात्रपाळीची सिस्टर लोकल पकडायच्या घाईत असते, पण नेमके विचारले तर ती सांगते. सोबत छोटी वही ठेवून रुग्णालयागणिक एक पान आणि वर तारीख, ही पद्धत साधी आहे आणि टिकते. मोबाइलमध्ये रुग्णालयाच्या कागदांचे फोटो साठवणे टाळावे, कारण त्यांत रुग्णाचे नाव येऊ शकते आणि 2023 च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानंतर तो वेगळाच घोळ होऊ शकतो.

घरच्या केसवर यातले काहीच नसते. मेट्रन नाही, फलक नाही, विचारायला दुसरी सिस्टर नाही. ब्युरोचा फोन येतो तोही बदली ठरवण्यापुरता. रुग्णालयातून घरी सोडताना दिलेला कागद हाच तिथला आधार. तो वाचून शंका आली तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फोन करायचा आणि मिळालेले उत्तर वेळेसह वहीत लिहायचे. काही ब्युरो महिन्यातून एक वर्ग घेतात, तोही सहसा रविवारी दुपारी. सुट्टीच्या दिवशी घरी मुलेबाळे असतात, त्यामुळे हजेरी कमीच लागते. त्या दोन तासांचे पैसे दिले तर ती वाढेल.