लेमी (संघीय चर्चासमुदाय)

लेमी हे इंटरनेटवर चर्चेच्या जागा चालवण्यासाठीचे मुक्त सॉफ्टवेअर आहे. रेडिट या चर्चास्थळाप्रमाणे इथेही विषयवार समुदाय असतात. कोणी धागा काढतो, बाकीचे प्रतिसाद देतात, वर-खाली बाण दाबले जातात आणि त्यानुसार धागा वर राहतो किंवा तळाला जातो. फरक मालकीत आहे. रेडिट ही एक कंपनी आहे. लेमी मात्र शेकडो स्वतंत्र सर्व्हरांवर चालते. प्रत्येकाचा चालक निराळा, नियमही निराळे. हे सर्व्हर एकमेकांशी धाग्यांची आणि प्रतिसादांची देवाणघेवाण करतात, म्हणून एका ठिकाणी खाते असले की दुसऱ्या सर्व्हरवरच्या समुदायातही लिहिता येते. अशा रचनेला संघीय म्हणतात. ‘विकेंद्रित’ हा शब्द ऐकून इथे कुणी मालकच नसावा, असा नवख्यांचा समज होतो. मालक आहेत आणि भरपूर आहेत. फक्त ते निवडता येतात आणि पटले नाही तर सोडताही येतात. म्हणूनच लेमीवर पाऊल ठेवताना सर्वांत आधी पाहायचे ते कोणाच्या सर्व्हरवर खाते काढायचे हे.

देवाणघेवाण कशी चालते

लेमीवरच्या प्रत्येक समुदायाचा एक मूळ सर्व्हर असतो. समजा, लेमी.सीए या कॅनडातल्या सर्व्हरवर खाते असलेल्या माणसाने प्रोग्रॅमिंग.डेव्ह या सर्व्हरवरच्या एखाद्या समुदायात प्रतिसाद लिहिला. तो आधी त्याच्या स्वतःच्या सर्व्हरवर साठतो आणि तिथून समुदायाच्या मूळ सर्व्हरकडे जातो. या माणसावर बंदी नाही ना, हे तिथे तपासले जाते आणि मग ज्या ज्या सर्व्हरवर त्या समुदायाचा निदान एक तरी सदस्य आहे, त्या सगळ्यांकडे प्रतिसादाची प्रत रवाना होते. ऑस्ट्रेलियातल्या ऑसी.झोनवरचा वाचक जे वाचतो ते ऑसी.झोनवर येऊन पडलेली प्रत असते. म्हणजे प्रत्येक जण आपापल्याच सर्व्हरवर वाचत असतो आणि समुदायाचा मूळ सर्व्हर मध्यस्थाचे काम करतो. सर्व्हर आपसांत ज्या संकेतांनी बोलतात त्यांना अ‍ॅक्टिव्हिटीपब म्हणतात. वेबची प्रमाणे ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कॉन्सॉर्शियमने २३ जानेवारी २०१८ रोजी ते प्रमाण म्हणून मंजूर केले. मॅस्टोडॉन हे ट्विटरसारखे संघीय माध्यमही हेच संकेत वापरत असल्यामुळे तिथल्या खात्यावरून लेमीच्या धाग्यात लिहिता येते, पण दोन्हीकडची मांडणी इतकी वेगळी आहे की लांबलचक चर्चा मॅस्टोडॉनवरून वाचणे जिकिरीचे होते.

या रचनेमुळे नवख्याला बसणारा पहिला धक्का म्हणजे शुकशुकाट. लहान सर्व्हरवर खाते काढून एखादा समुदाय शोधावा तर काहीच सापडत नाही, कारण त्या सर्व्हरवरून तिकडे आजवर कोणी फिरकलेलेच नसते. तेव्हा शोधपट्टीत समुदायाचा पूर्ण पत्ता टाकावा लागतो: आधी उद्गारचिन्ह, मग समुदायाचे नाव, मग @ आणि शेवटी सर्व्हरचे नाव. काही सेकंदांनी समुदाय उगवतो आणि अलीकडचे थोडे धागेही दिसू लागतात; जुने प्रतिसाद आणि मते मात्र येत नाहीत. मूळ ठिकाणी दोनशे प्रतिसाद झडलेला धागा इथे कोरा दिसतो. सदस्यत्व घेतल्यानंतर नवे सगळे येऊ लागते, पण तेवढा धीर न धरता ‘इथे तर चिटपाखरू नाही’ म्हणून निघून जाणारे पुष्कळ. मध्यम किंवा मोठ्या सर्व्हरवर सुरुवात केली तर हा त्रास होत नाही, कारण तिथे बहुतेक समुदायांचे सदस्यत्व आधीच कुणी ना कुणी घेतलेले असते.

आणखी एक खोड भाषेच्या सेटिंगमध्ये आहे. लेमीवर प्रत्येक धाग्याला भाषेची खूण करता येते आणि त्या यादीत मराठीही आहे. सदस्याने आपल्या प्रोफाइलमध्ये फक्त मराठी आणि इंग्रजी निवडून ‘अनिर्धारित’ हा पर्याय काढून टाकला, तर बहुतांश मजकूर नजरेआड होतो, कारण लिहिणारे बव्हंशी ही खूण करतच नाहीत. मदतीच्या समुदायांत ‘माझे पान रिकामे का दिसते’ हा प्रश्न आला की पहिला प्रतिसाद बहुधा ‘अनिर्धारित चालू आहे का बघा’ असाच असतो.

एकाच नावाचे समुदाय वेगवेगळ्या सर्व्हरवर असू शकतात. तंत्रज्ञानाचे समुदाय लेमी.वर्ल्डवर आहेत, लेमी.एमएलवर आहेत, बीहॉवरही आहेत. एकच बातमी तिन्हीकडे पडते आणि चर्चा तीन ठिकाणी विखुरते. समर्थक याला निवडीचे स्वातंत्र्य म्हणतात. माणसे मुळात थोडी असताना हे स्वातंत्र्य महागात पडते, हेही खरेच.

पूर्वपीठिका

सर्व्हरांनी एकमेकांना मजकूर पोचवण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस यांनी १९७९मध्ये यूजनेटची कल्पना मांडली आणि १९८०पासून ते चालू झाले. त्यात संदेश एका संगणकावरून दुसऱ्यावर असे पुढे पुढे सरकत जात. चर्चागटाला मूळ ठिकाण असे नव्हतेच. त्यामुळे उपद्रवी मजकूर एका जागी अडवणे जवळजवळ अशक्य होते. लेमीतला मूळ सर्व्हर नेमकी ही उणीव भरून काढतो आणि त्या बदल्यात त्या सर्व्हरच्या चालकाच्या हाती बरीच सत्ता देतो.

लेमीचे काम २०१९मध्ये डेसालिन आणि न्यूटॉमिक या टोपणनावांनी वावरणाऱ्या दोन प्रोग्रॅमरनी सुरू केले. सॉफ्टवेअर रस्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेले असून एजीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली आहे. नेदरलँड्समधल्या एनएलनेट प्रतिष्ठानाने या कामाला अनुदान दिले. दोघेही उघडपणे साम्यवादी विचारांचे आहेत आणि त्यांच्या लेमी.एमएल सर्व्हरवरच्या मॉडरेशनवरून, म्हणजे कोणता मजकूर काढायचा आणि कोणाला अडवायचे यावरून, वेळोवेळी वाद झाले आहेत. कोड मुक्त असल्याने त्यांची मते न पटणारे लोकही आपापले सर्व्हर बिनदिक्कत चालवतात. ज्यांना तेवढेही नको, त्यांच्यासाठी पायथनमध्ये लिहिलेले पायफेड आणि बंद पडलेल्या के-बिनमधून फुटून निघालेले एम-बिन हे पर्याय आहेत. ही दोन्ही लेमीशी जोडलेली असतात.

जून २०२३

पहिली चार वर्षे लेमी मूठभरांपुरते होते. रेडिटने आपला एपीआय (बाहेरच्या सॉफ्टवेअरना रेडिटवरचा मजकूर मागवता येतो ती सोय) सशुल्क करायचे ठरवले आणि चित्र पालटले. ठरलेला दर ५ कोटी विनंत्यांना १२,००० डॉलर असा होता. आयफोनवरचे लोकप्रिय अ‍ॅप अपोलोचे निर्माते क्रिस्टियन सेलिग यांनी हिशेब मांडून सांगितले, की या दराने आपल्याला वर्षाला सुमारे २ कोटी डॉलर मोजावे लागतील. १२ जूनपासून हजारो रेडिट समुदायांनी निषेध म्हणून दारे लावून घेतली. कंपनी बधली नाही आणि ३० जूनला अपोलो बंद पडले.

या काळात लेमीवर माणसांचा लोंढा आला. नुकताच सुरू झालेला लेमी.वर्ल्ड काही आठवड्यांत सर्वांत मोठा सर्व्हर बनला. बीहॉ हा आधीपासूनचा, शिस्तीचा सर्व्हर. तिथे खाते हवे असेल तर अर्ज लिहून द्यावा लागे. लेमी.वर्ल्डवर मात्र कोणालाही क्षणात खाते मिळत असे आणि तिथून येणाऱ्या गर्दीवर लक्ष ठेवणे बीहॉच्या मोजक्या चालकांच्या आवाक्याबाहेर गेले. जूनच्या मध्यावर बीहॉने लेमी.वर्ल्डशी आणि आणखी एका मोठ्या सर्व्हरशी संबंध तोडले. कोणाचा राग नाही, आमच्याकडे माणसे आणि साधने अपुरी आहेत, असे त्यांनी जाहीरही केले.

त्यानंतर जे घडले त्यावरून ही रचना नीट कळते. लेमी.वर्ल्डवर बीहॉच्या समुदायांच्या जुन्या प्रती तशाच राहिल्या. तिथले सदस्य त्यांत प्रतिसाद लिहीत होते, एकमेकांना उत्तरे देत होते, वादही घालत होते. पण यातले काहीच बीहॉपर्यंत पोचत नव्हते. समुदायाचे नाव तेच, सजावट तीच, फक्त ज्यांच्याशी बोलतो आहोत असे वाटत होते ते पलीकडे नव्हतेच. पडद्यावर याची कसलीही सूचना दिसत नसे. आजही खाते काढण्याआधी तो सर्व्हर कोणाकोणाशी जोडलेला आहे आणि कोणाला त्याने अडवले आहे, हे पाहून घेतलेले बरे. प्रत्येक सर्व्हरच्या पानाच्या तळाशी ‘इन्स्टन्सेस’ या दुव्याखाली ही यादी असते.

सर्व्हर बंद पडतो तेव्हा

सर्व्हर बहुधा हौशी लोक देणग्यांवर चालवतात. चालक कंटाळला, आजारी पडला किंवा गायब झाला की प्रश्न उभा राहतो. जर्मन भाषकांचा सर्वांत मोठा सर्व्हर फेडिट.डीई २०२४मध्ये असाच दुर्लक्षामुळे कोलमडला. मग ऑस्ट्रियातल्या एका संस्थेने फेडिट.ऑर्ग उभा केला आणि मंडळी तिकडे गेली. एस्टोनियाचे डोमेन घेतलेला लेम.ई हा मोठा सर्व्हर चालक थकल्यामुळे जून २०२५अखेर रीतसर सूचना देऊन बंद झाला. डोमेनचाही धोका असतो. जुलै २०२३मध्ये माली देशाने .एमएल डोमेनांचा कारभार आपल्या ताब्यात घेतला, तेव्हा फुकट मिळालेल्या .एमएल पत्त्यावर चालणारा एफएमएचवाय हा सर्व्हर एका रात्रीत नाहीसा झाला. प्रत्येक खात्याच्या आणि धाग्याच्या ओळखीतच डोमेनचे नाव गोवलेले असल्याने नुसता पत्ता बदलून भागत नाही. सगळे नव्याने उभारावे लागते.

खाते एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर लिखाणासकट हलवण्याची सोय लेमीत नाही. सदस्यत्वांची आणि अडवलेल्यांची यादी तेवढी सेटिंगमधून फाइल म्हणून उतरवून नव्या खात्यात चढवता येते. म्हणून अनुभवी सदस्य दोन सर्व्हरवर खाती ठेवतात. मराठी संकेतस्थळांवर डुआयडी (एकाच माणसाचे दुसरे खाते) म्हटले की भुवया उंचावतात. इथे तो शहाणपणा समजला जातो, अर्थात स्वतःच्याच धाग्याला दोन्हीकडून मते देत नसाल तर.

मते गुप्त असतात असे मानू नये. प्रत्येक मत सदस्याच्या नावानिशी इतर सर्व्हरांकडे जाते, ते तिथल्या चालकांना पाहता येते आणि के-बिनसारखी काही सॉफ्टवेअर ते सर्वांना दाखवत आली आहेत. लिखाण पुसल्यावर पुसण्याची सूचना सगळीकडे धाडली जाते, पण एखादा सर्व्हर बंद असेल किंवा संबंध तुटलेले असतील तर तिथली प्रत तशीच राहते. खरे नाव, गाव, नोकरी असला तपशील लिहिताना हे ध्यानात असावे.

भारतात आणि मराठीत

यूजनेटच्या काळात परदेशातल्या मराठी माणसांसाठी सॉक.कल्चर.इंडियन.मराठी हा चर्चागट होता; तिथे मराठी रोमन लिपीत लिहिली जाई. पुढे मायबोली (१९९६) आणि तिच्या मागून आलेल्या संकेतस्थळांनी मराठी चर्चेला घर दिले, पण ती सगळी एकेका ठिकाणची, एकेका मालकाची. भारतात संघीय माध्यमांची मोठी लाट नोव्हेंबर २०१९मध्ये आली. सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते गोठवले गेल्यावर अनेकांनी मॅस्टोडॉनवर खाती उघडली. त्यातली बरीचशी पुढे ओस पडली. माणसे मित्रांच्या मागे जातात, तत्त्वाच्या मागे क्वचितच. लेमीवरचे सक्रिय सदस्य आजही महिन्याला काही दहा हजारांतच मोजावे लागतात, तर रेडिटवर रोज येणारे १० कोटींच्या पुढे आहेत. मराठीत चर्चा करायला म्हणून कोणी लेमीवर येणार असेल, तर त्याला आधी समुदाय काढून चार ओळखीची माणसे बरोबर आणावी लागतील.

स्वतःचा सर्व्हर चालवणे तांत्रिकदृष्ट्या फार अवघड नाही. भाड्याचा छोटा सर्व्हर, एक डोमेन आणि पोस्टग्रेस डेटाबेस सांभाळण्याची तयारी एवढे पुरते. चित्रांनी जागा भरत जाते तिकडे मात्र लक्ष ठेवावे लागते. भारतात याला कायद्याची बाजूही आहे. माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ यांतल्या सर्वांत कडक अटी ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत सदस्य असलेल्या माध्यमांसाठी आहेत, पण तक्रार अधिकाऱ्याचे नाव जाहीर करणे, तक्रारीची पोच २४ तासांत देणे आणि सर्वसाधारणपणे ७ दिवसांत (फेब्रुवारी २०२६च्या दुरुस्तीआधी १५ दिवसांत) ती निकाली काढणे ही बंधने लहान मध्यस्थांनाही, म्हणजे इतरांचा मजकूर ठेवणाऱ्या छोट्या सेवांनाही, लागू आहेत. चाळीस सदस्यांचा सर्व्हर चालवणाऱ्या हौशी माणसालाही आपले नाव तिथे लावावे लागते.