पॉड, शेअर रिक्षा आणि थांबण्याचं गणित

भुसावळहून अपडाऊन करणाऱ्यांची गाडी सकाळी जळगावला लागली की सगळा फलाट जिन्याकडे धावतो. ही धावपळ संपते ती स्टेशनाबाहेरच्या शेअर रिक्षात. इंजिन सुरू, रिक्षावाल्याचा हात हँडलवर, पण 'अजून एक सीट' मिळाल्याशिवाय रिक्षा हलत नाही. मे महिन्यात तापलेल्या रेक्झिनवर बसून त्या शेवटच्या सीटची वाट मी पुष्कळदा पाहिली आहे. म्हणून पॉडचे व्हिडिओ बघून 'हे आपल्याकडे कधी?' असं विचारणाऱ्या माणसाचं म्हणणं मला मनापासून पटतं.

पॉड म्हणजे विजेवर चालणारी, चार-सहा जणांची बिनचालकाची गाडी. तिला स्वतःचा वेगळा मार्ग असतो, बहुधा खांबांवर उचललेला. खरी युक्ती तिच्या थांब्यात आहे. थांबा मुख्य मार्गावर नसतो, बाजूला असतो, जशी आपल्या स्टेशनात लूप लाइन असते तसा. तुमचा पॉड थांबला तरी मागचे पॉड सरळ निघून जातात. त्यामुळे मधले थांबे न घेता थेट इच्छित ठिकाणी जाता येतं.

आता हिशोब करू. ताशी 40 किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण 11 मीटर. पुढचा पॉड अचानक थांबला तर मागच्याला धक्का न लागता थांबता आलं पाहिजे, म्हणून दोन पॉडमध्ये तीन सेकंदांचं अंतर धरू. तासाला 1200 पॉड झाले. प्रत्येकाला थेट आपल्या ठिकाणी जायचं असतं, म्हणून बहुतेक जण एकटे-दुकटे बसतात. एका पॉडमध्ये सरासरी दीड माणूस धरला, तर 1800 माणसं. साठ माणसांची बस दर दोन मिनिटांनी सोडली तरी तासाला 1800 माणसंच जातात, तीही आहे त्या रस्त्यावरून, खांब न रोवता.

आणि माणसं तासभर सारखी येत नाहीत, गाडीतून एकदम उतरतात. समजा 1000 जण एकदम बाहेर आले. त्यांना सुमारे 670 पॉड लागतील. तीन सेकंदांना एक याप्रमाणे शेवटचा पॉड सुटायला अर्धा तासाहून जास्त वेळ जाईल. चढायला तीस सेकंद धरले, तर एका वेळी दहा पॉड उभे राहतील एवढी जागाही हवी. त्याच माणसांना बस लागतील सतरा. शिवाय सकाळी सगळे एकाच दिशेला जातात, म्हणजे तेवढे पॉड रिकामे परत आणावे लागतात.

म्हणून पॉड टिकले ते मोजक्या जागी. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर 2011 पासून टर्मिनल 5 आणि वाहनतळ यांच्यामध्ये 21 पॉडची सेवा सुरू झाली, मार्ग चार किलोमीटरच्या आतला. अबू धाबीजवळच्या मसदरमध्ये अख्ख्या शहरासाठी आखलेलं जाळं 2010 च्या पहिल्या छोट्या टप्प्यापुढे गेलंच नाही. अमेरिकेतल्या मॉर्गनटाउनची व्यवस्था 1975 मध्ये सुरू झाली. तिथं विद्यापीठाचे विखुरलेले परिसर आणि गाव पाच स्थानकांनी जोडले आहेत. पण तिथल्या एका डब्यात वीसेक माणसं मावतात, म्हणजे ती छोटी बसच झाली.

विद्यापीठावरून आपलं उमवि, म्हणजे जळगावचं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, आठवतं. गिरणेकाठचा तो परिसर शहराबाहेर आहे. फाटकापासून विभागांपर्यंत दिवसभर थोडी थोडी माणसं ये-जा करतात. अशा जागी बिनचालकाची छोटी गाडी शोभेल.

जळगाव किंवा धुळे शहराला मात्र वेळ पाळणारी बस हवी. 'वेळ पाळणारी' हा शब्द मी जाणून वापरतोय. तासाला सहा बस सारख्या अंतराने आल्या तर थांब्यावर सरासरी पाच मिनिटं थांबावं लागतं. त्याच सहा बस वाहतुकीत अडकून जोडीजोडीने आल्या तर दहा मिनिटं. बस तेवढ्याच, डिझेल तेवढंच, थांबणं दुप्पट. गर्दीच्या रस्त्यावर बससाठी मोकळा पट्टा आणि चौकात तिला आधी सिग्नल, एवढ्याने जोड्या बऱ्याच सुटतात.

मला हवी आहे ती बस स्टेशनाबाहेर उभी असेल, घड्याळात वेळ झाली की दार लावेल आणि दोन सीट रिकाम्या असल्या तरी निघेल.